आधी खबर, मग पाहणी, मग दुरुस्ती

पूर्वी गावात बैलगाडी होती. चाक मोडले तर सुतार होता. धाव निखळली तर लोहार होता. त्यांना सुगीला बलुते द्यायचे, की काम झाले. रोख पैसा मोजावा लागत नसे.

आता दिवस पालटले. घरोघर मोटारसायकल आली. कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोणाकडे भाजीपाला बाजारात नेणारी पिकअप आहे. गाडी आपटली तर गॅरेजवाला बलुत्यावर काम करीत नाही. त्याला रोख द्यावे लागतात. गाडी उभी राहिली म्हणजे धंदाही उभा राहतो, आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच असतो.

अशा वेळी विमा उपयोगी पडतो. पण पुष्कळांना विम्याचे पैसे मिळत नाहीत, किंवा फार थोडे मिळतात. ते म्हणतात, “कंपनीने बुडविले.” कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा दोन गोष्टी आडव्या येतात. एक, आपल्या कागदात काय लिहिले आहे ते आपण वाचलेले नसते. दुसरी, अपघातानंतर कामे उलट्या क्रमाने केलेली असतात. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. म्हणून त्या नीट समजून घेऊ.

विमा म्हणजे काय?

तुम्हांला इर्जिक ठाऊक आहे. एकाच्या शेतावर सगळे शेजारी आपापले बैल घेऊन जातात आणि त्याचे काम उरकून देतात. विमा ही पैशाची इर्जिक आहे. हजारो गाडीवाले दरसाल थोडे थोडे पैसे कंपनीकडे भरतात. त्या पैशाला हप्ता म्हणतात. ज्याची गाडी मोडेल, त्याला त्या साठ्यातून भरपाई मिळते.

पण कंपनी आणि आपण यांच्यात करार असतो. हा करार ज्या कागदावर असतो, त्याला विमापत्र म्हणतात. लोक त्याला पॉलिसी म्हणतात. त्यात जे लिहिले आहे तेच मिळते. तोंडी बोलणे कामी येत नाही.

विम्याच्या दोन जाती

पहिली जात तिऱ्हाइताच्या विम्याची. तिला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या माणसाला इजा झाली, किंवा दुसऱ्याची गाडी, भिंत, दुकान यांची मोडतोड झाली, तर त्याची भरपाई यातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

पण ध्यानात ठेवा. या विम्यातून आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला एक पैसाही मिळत नाही.

दुसरी जात स्वतःच्या नुकसानीच्या विम्याची. तिला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. अपघात, आग, चोरी, पूर, दरड अशा कारणांनी आपली गाडी मोडली किंवा गेली, तर यातून भरपाई मिळते. तो सक्तीचा नाही. आपण मागितला तरच मिळतो. दोन्ही जाती एकाच पत्रात असल्या, तर त्याला ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ विमा म्हणतात.

येथे एक मोठी फसगत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटारसायकल घेताना तिऱ्हाइताचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. नव्या मोटारीला तो तीन वर्षांचा असतो. गाडीवाला समजतो, “पाच वर्षे काळजी नाही.” पण स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. वर्ष सरले की तो संपतो. तिसऱ्या वर्षी गाडी आपटते, माणूस कागद घेऊन जातो, आणि मग त्याला कळते की दुरुस्तीचा विमा कधीच संपला होता.

आज रात्रीच पत्र उघडा

तुम्ही आता वाचायला शिकलात. मग विमापत्र पेटीत का ठेवता? दिव्यापाशी बसा आणि ते उघडा. पत्र मोबाइलवर आले असेल तर मोबाइल उघडा. पत्र बहुधा इंग्रजीत असते. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी जवळ बसवा. एवढ्या गोष्टी पाहा :

१. तारखा दोन आहेत का? तिऱ्हाइताचा विमा केव्हा संपतो? स्वतःच्या नुकसानीचा केव्हा संपतो?

२. नाव कोणाचे आहे? जुनी गाडी घेतली असेल, तर पत्रावर अजून पहिल्या मालकाचेच नाव असेल. गाडी आपल्या नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावे लागते. न कळविल्यास स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो.

३. गाडीचा, इंजिनाचा आणि चॅसीचा नंबर आर. सी. बुकाप्रमाणे आहे का?

४. गाडीची किंमत किती लिहिली आहे? पत्रात तिला ‘आय. डी. व्ही.’ म्हणतात. गाडी चोरीस गेली किंवा पुरती मोडली तर या रकमेवर हिशेब होतो.

५. ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीची नोंद आहे का? ट्रॉलीचा विमा वेगळा उतरवावा लागतो. नुसत्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली येत नाही.

अपघात झाला. आता काय करावे?

आधी माणूस, मग गाडी. जखमी माणसाला प्रथम दवाखान्यात पोचवा. महाराष्ट्रात १०८ नंबर फिरविला की रुग्णवाहिका येते. पोलिसांसाठी ११२ नंबर आहे. कोणाला इजा झाली असेल तर पोलिसांना कळविणे हे चालकाचे कर्तव्यच आहे. त्याला कायद्याने २४ तासांची मुदत दिली आहे. पळून जाऊ नका. पळणाऱ्याची बाजू खरी असली तरी ती लंगडी पडते.

मग गाडीकडे वळा. जागेवरच मोबाइलने फोटो काढा. गाडीचा नंबर दिसेल असा एक घ्या. मोडलेला भाग दिसेल असा एक घ्या. रस्ता आणि आजूबाजूची जागा दिसेल असाही एक घ्या. दुसरी गाडी असेल तर तिचा नंबर लिहून घ्या. पाहणाऱ्या दोघांची नावे आणि फोन नंबर लिहून घ्या.

गाडी तशीच चालवीत नेऊ नका. दगडावर आपटून इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटला, असे समजा. तेल गळते आहे. आपण म्हणतो, “चार मैलांवर तर गाव आहे.” गाडी चालू करतो. तेल संपते आणि इंजिन जाम होते. मग कंपनी म्हणते, “चेंबरचे पैसे अपघाताचे. इंजिन तुमच्या हाताने गेले.” करारात तसे लिहिलेले असते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचेही असेच. ती चालू करून पाहू नका. गाडी ओढून न्या. ओढून नेण्याचा थोडा खर्चही विम्यातून मिळतो. त्याची पावती ठेवा. गाडी रस्त्यावर बेवारशी सोडूनही येऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. कंपनीला त्याच दिवशी खबर द्या. पत्रावर कंपनीचा फोन नंबर छापलेला असतो. फोन केल्यावर ते दाव्याचा नंबर देतात. तो कागदावर लिहून ठेवा. एजंटाला सांगितले म्हणजे कंपनीला सांगितले असे होत नाही. काही अडचणीने उशीर झालाच, तर उशिराचे खरे कारण लेखी द्या. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असे विमा प्राधिकरणाने २०११ साली कंपन्यांना कळविले आहे. तरी आपण होऊन उशीर करू नये.

पाहणीदार येईपर्यंत पाना लावू नका

खबर मिळाल्यावर कंपनी पाहणीदार नेमते. त्याला ‘सर्व्हेअर’ म्हणतात. तो गाडी पाहतो, फोटो काढतो आणि काय मोडले, किती खर्च येईल हे लिहून देतो. लहान नुकसान असेल तर कधी कधी मोबाइलवर फोटो मागवूनही काम भागते.

येथेच पुष्कळांचे चुकते. समजा, एका शेतकऱ्याची पिकअप मोरीच्या कठड्याला धडकली. दुसऱ्या दिवशी टोमॅटो बाजारात पोचवायचा होता. त्याने रातोरात गाडी दुरुस्त करून घेतली. मोडका बंपर आणि रेडिएटर भंगारात दिला. आठ दिवसांनी तो बिल घेऊन कंपनीत गेला. कंपनीने विचारले, “मोडलेली गाडी कोणी पाहिली?” पाहिली होती फक्त गॅरेजवाल्याने. ही वरातीमागून घोडे नेण्याची गोष्ट झाली. गाडी खरोखर मोडली होती, बिल खरे होते, पण पुरावा भंगारात गेला होता.

म्हणून क्रम असा ठेवा. गाडी गॅरेजात न्या. गॅरेजवाल्याकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. पाहणीदाराला गाडी दाखवा. कंपनीची संमती मिळाली की मगच काम सुरू करा. काढलेले मोडके भाग दावा मिटेपर्यंत जपून ठेवा. कंपनी ते पाहायला मागू शकते.

दाव्याचा फॉर्म भरावा लागतो. त्यासोबत विमापत्र, आर. सी. बुक, चालकाचे लायसन, खर्चाचा अंदाज, शेवटी बिल आणि पावती, आणि आपल्या बँक खात्याची माहिती लागते. पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची नक्कल द्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. “सही करा, मी भरतो,” असे कोणी म्हणाले, तर म्हणा, “भरून आणा, वाचतो, मग करतो.”

काही गॅरेजांशी कंपनीचा करार असतो. तेथे कंपनी परस्पर पैसे देते. आपण फक्त आपला वाटा भरायचा. दुसऱ्या गॅरेजात काम केले तर आधी आपण पैसे भरायचे आणि मागून कंपनीकडून घ्यायचे. आपल्या तालुक्याला कराराचे गॅरेज कोणते, हे आधीच विचारून ठेवा.

पुरे पैसे का मिळत नाहीत?

जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसतो. कंपनी म्हणते, “तुमचा भाग वापरून झिजला होता. नव्याचे सगळे पैसे आम्ही कसे द्यावे?” म्हणून ती झीज कापून घेते. याला घसारा म्हणतात.

नेहमीच्या विम्यात प्लॅस्टिक आणि रबराचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा असतो. काचेवर घसारा नसतो. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे असतो. पहिल्या सहा महिन्यांत काही नाही. वर्षापर्यंत ५ टक्के. दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, आणि पुढे ५० टक्के.

शिवाय प्रत्येक दाव्यात एक ठराविक रक्कम आपल्याला सोसावी लागते. ती पत्रावर छापलेली असते. मोटारसायकलला ती नेहमी १०० रुपये आणि लहान मोटारीला १,००० रुपये असते.

आता हिशेब करू. मोटारसायकल अडीच वर्षांची आहे. बिल असे झाले :

लोखंडी भाग ४,००० रुपये. १५ टक्के वजा. मिळाले ३,४०० रुपये.
प्लॅस्टिकचे भाग २,००० रुपये. ५० टक्के वजा. मिळाले १,००० रुपये.
मजुरी १,२०० रुपये. ती पुरी मिळाली.

बेरीज ५,६०० रुपये झाली. त्यातून सोसायचे १०० रुपये वजा करा. हाती आले ५,५०० रुपये. एकूण बिल होते ७,२०० रुपयांचे. म्हणजे १,७०० रुपये पदरचे गेले. ही फसवणूक नाही, हा करार आहे. हप्ता थोडा जास्त भरला तर घसारा न कापणारा विमाही मिळतो. त्याला ‘झीरो डेप’ म्हणतात. नव्या गाडीला तो घेणे पुष्कळदा सोयीचे असते.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातील किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर नेहमीच्या विम्यात गाडी पुरती मोडली असे धरतात. मग दुरुस्तीऐवजी किमतीवर हिशेब होतो. गाडीवर कर्ज असेल तर ते पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात.

लहान नुकसानीचा दावा करावा का?

वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा केला की पुढच्या वर्षी सूट शून्यावर येते.

समजा, तुमच्या गाडीचा हा हप्ता सूट धरण्यापूर्वी ८,००० रुपये आहे. यंदा ३५ टक्के सूट आहे. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये सूट मिळेल. मडगार्डला पोचा आला आणि कंपनीकडून २,५०० रुपये मिळणार असतील, तर दावा करण्यात तोटाच आहे. २५,००० रुपये मिळणार असतील तर अवश्य करावा. म्हणून आधी वजाबाकी करा.

आणखी एक. विमा संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नवा केला नाही, तर साठलेली सूट जाते.

दावा कशाने बुडतो?

गाडी चालविणाऱ्याजवळ त्या जातीच्या गाडीचे चालू लायसन नसेल तर. मुलगा सोळा वर्षांचा, हातात बापाची मोटारसायकल, आणि अपघात झाला, तर दुरुस्तीची आशा सोडाच. बापावर खटलाही होतो. पिकअप चालविणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट आहे. हलक्या मोटारवाहनाचे लायसन असणाऱ्याला ७,५०० किलोंच्या आत एकूण वजन असलेली मालगाडी चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पक्के केले आहे.

दारू पिऊन गाडी चालविली असेल तर दावा बुडतो.

ज्या कामासाठी विमा उतरविला ते सोडून दुसऱ्या कामाला गाडी जुंपली असेल तरी बुडतो. शेतीचा ट्रॅक्टर लग्नाच्या वऱ्हाडासाठी नेला, घरची जीप भाड्याने लावली, ही त्याची उदाहरणे. ट्रॉलीत माणसे भरणे जिवाला धोक्याचे आहे, आणि कराराविरुद्धही आहे.

नुसत्या झिजेने किंवा यंत्रातील बिघाडाने गाडी बंद पडली, तर तो अपघात नव्हे. त्याचे पैसे मिळत नाहीत.

आणि खोटे बोलल्याने दावा हमखास बुडतो. चालवीत होता पुतण्या, त्याला लायसन नाही, म्हणून फॉर्मवर काकाचे नाव. खोट्याच्या कपाळी गोटा! पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद आणि फॉर्म एकमेकांशी जुळले नाहीत की सगळे उघडे पडते.

कंपनी ‘नाही’ म्हणाली तर?

घाबरू नका आणि भांडूही नका. “नाही का, ते लेखी द्या,” असे म्हणा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारे विमा नियामक आणि विकास प्राधिकरण हैदराबाद येथे आहे. त्याने २०२४ साली मुदती घालून दिल्या आहेत. खबर मिळाल्यावर २४ तासांत पाहणीदार नेमावा. त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा. अहवाल आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय सांगावा.

कंपनीचे उत्तर पटले नाही तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज करा. अर्जाची नक्कल आणि पोच ठेवा. प्राधिकरणाच्या १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदविता येते. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा नकारच आला, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही. नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा. ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. त्याची मुदत दोन वर्षांची आहे.

पैसे देताना “माझा सर्व हिशेब मिटला” अशा मजकुरावर सही मागतात. रक्कम मान्य असेल तरच ती सही करा. एकदा केली की पुढे दाद मागणे अवघड जाते.

वाचकहो, पूर्वी असल्या कागदावर अंगठा उठवावा लागे. समोरच्याने जे सांगितले ते खरे मानावे लागे. आता तुमचे तुम्हांला वाचता येते, बेरीज-वजाबाकी येते. ती विद्या येथे वापरा. गाडीच्या डिकीत एक कागद ठेवा. त्यावर कंपनीचा फोन नंबर, विमापत्राचा नंबर आणि विमा संपण्याच्या दोन्ही तारखा लिहा. खाली ठळक अक्षरांत लिहा : आधी खबर, मग पाहणी, मग दुरुस्ती.

सांगा पाहू

१. तिऱ्हाइताच्या विम्यातून आपल्या गाडीची दुरुस्ती होते का?
२. पाहणीदार येण्यापूर्वी गाडी दुरुस्त केली तर काय बिघडते?
३. गाडी साडेतीन वर्षांची आहे. लोखंडी भागाचे बिल २,००० रुपये झाले. घसारा किती? हाती किती येतील?
४. तुमच्या विमापत्रावरील दोन तारखा कोणत्या?